डाव्या हाताचे मानकरी

२९ डिसेंबर १९२८ रोजी शिकागोत क्लॅरन्स ‘पाइनटॉप’ स्मिथ या चोवीस वर्षांच्या पियानोवादकाने एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. जेमतेम तीन मिनिटांची. तो वाजवतो आहे आणि वाजवता वाजवता समोरच्या नाचणाऱ्यांशी बोलतोही आहे. लाल पोशाखातल्या मुलीला हाक मारतो. मी थांब म्हटले की जागचे हलायचे नाही, मी सांगितले की अंग घुसळून नाचायचे, असा दम भरतो. प्रत्यक्षात त्या खोलीत नाचणारे कोणी नव्हते. होते फक्त यंत्र आणि कंपनीची माणसे. पण त्याच्या आवाजातून शिकागोच्या दक्षिण भागातली एक गच्च भरलेली खोली आपल्यासमोर उभी राहते. ‘पाइनटॉप्स बूगी-वूगी’ या नावाने ती तबकडी निघाली आणि तिच्यामुळे एका वादनप्रकाराला कायमचे नाव मिळाले. १५ मार्च १९२९ रोजी एका नृत्यगृहात गोळी लागून स्मिथ मरण पावला. त्याचे एकही छायाचित्र आज उपलब्ध नाही. नऊ वर्षांनी टॉमी डॉर्सीच्या वाद्यवृंदाने तीच रचना ‘बूगी-वूगी’ म्हणून वाजवली आणि ती अमेरिकाभर घरोघरी पोचली. पियानोवर डावा हात कसा चालवावा हे जगाने ज्याच्याकडून उचलले, त्याचा चेहराही जगाला ठाऊक नाही.

हे पुस्तक अशा माणसांविषयी आहे. ब्लूज आणि बूगी-वूगी वाजवणारे अमेरिकेतले आरंभीचे कृष्णवर्णीय पियानोवादक कोण होते, कुठून आले, काय आणि का वाजवत होते, हे मराठी वाचकाला सविस्तर सांगावे, यासाठी ते लिहिले. या संगीतावर मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. जॅझचा उल्लेख आला तर लुई आर्मस्ट्राँग आणि ड्यूक एलिंग्टन यांच्यापाशी थांबतो. ब्लूज म्हटले की गिटार आठवते. पियानोवर बसलेला मजूर मात्र दोन्हींच्या मध्ये कुठेतरी निसटून जातो.

मजूर हा शब्द इथे विचार करून वापरला आहे. ईशान्य टेक्सास आणि लुइझियानाच्या जंगलांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकूडतोडीची मोठी कंत्राटे सुरू होती. रूळ टाकत टाकत छावण्या पुढे सरकत. छावणीत कामगारांसाठी एक गुत्ता असे. दारूची पिंपे, त्यांवर टाकलेल्या फळ्या आणि कोपऱ्यात एक उभा पियानो. या गुत्त्यांना बॅरलहाउस म्हणत. दिवसभर करवत ओढून आलेल्या माणसांना नाचायचे असे आणि तिथे ना ढोल असे, ना दुसरा वादक. गोंगाटाच्या वर ऐकू जाईल असा ठेका आणि त्यावर गाणे, दोन्ही एकट्या पियानोवाल्याने पुरवायचे. पुढच्या छावणीकडे जाणारी मालगाडी आली की तो तीत चढून जाई. लिटल ब्रदर माँटगोमेरी १९०६ मध्ये लुइझियानातल्या केंटवूडला अशाच वातावरणात जन्मला. त्याचे वडीलच गुत्ता चालवत. घरी येणाऱ्या फिरत्या वादकांचे हात बघून तो शिकला आणि कोवळ्या वयातच घर सोडून पियानो वाजवत पोट भरू लागला.

या गरजेतून जे घडले त्याची रचना आपल्या संगीताच्या भाषेत चांगली समजते. ब्लूजचे एक आवर्तन बारा घरांचे, प्रत्येक घर चार मात्रांचे, म्हणजे एकूण ४८ मात्रा. पहिली चार घरे षड्जावर उभ्या स्वरसंघाची. मग दोन घरे मध्यमाची, दोन पुन्हा षड्जाची, एक पंचमाचे, एक मध्यमाचे आणि शेवटची दोन षड्जावर परत. बूगी-वूगीत डावा हात प्रत्येक घरात आठ आघात करतो. म्हणजे एका आवर्तनात ९६ आघात, न चुकता, न थकता, आणि अशी दहा-बारा आवर्तने सलग. उजवा हात या चौकटीवर मोकळा सुटतो. तबल्याच्या एकल वादनात पेटीवाला लेहरा धरून बसतो आणि तबलजी त्यावर कायदे-रेले मांडतो. इथे लेहरेकरी आणि तबलजी एकाच माणसाच्या दोन हातांत बसलेले असतात. दोन्ही हात एकमेकांना सोडून चालतात आणि समेवर बरोबर भेटतात. ऐकायला सोपे वाटणारे हे काम किती कठीण आहे, हे एकदा पियानोवर किंवा पेटीवर करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

दुसरी अडचण स्वरांची. ब्लूज गाणारा माणूस कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या जागेवर आवाज ठेवतो. सगळा जीव त्या जागेत असतो. पियानोच्या पट्ट्या ठरलेल्या, मधली जागा त्यांत नाही. हीच तक्रार आपल्याकडे पेटीवर झाली आणि १९४० ते १९७१ एवढा काळ आकाशवाणीने पेटीला दार बंद ठेवले. ब्लूजच्या पियानोवादकांनी वेगळा मार्ग काढला. कोमल गंधाराच्या पट्टीवरून बोट घसरवून ते शुद्ध गंधारावर आणायचे, नाहीतर दोन्ही पट्ट्या एकदम दाबायच्या. दोन स्वर एकमेकांवर घासले की कानाला मधल्या जागेचा भास होतो. जिमी यान्सीची कोणतीही संथ रचना लावा. हा घर्षणाचा स्वर पहिल्या आवर्तनातच सापडेल.

यान्सीविषयी थोडे थांबून सांगायला हवे. तो शिकागोचा. पोटापाण्यासाठी ‘व्हाइट सॉक्स’ या बेसबॉल संघाच्या मैदानाची निगा राखणारा कामगार. सुमारे पंचवीस वर्षे त्याने हे काम केले. घरी आलेल्या तरुण वादकांना तो वाजवून दाखवी. शिकागोतल्या पुढच्या पिढीचे हात त्याच्या बैठकीत घडले, पण त्याचे स्वतःचे पहिले ध्वनिमुद्रण १९३९ मध्ये झाले. तोवर तो चाळिशीत पोचला होता. त्याचा डावा हात इतरांसारखा धडाडत नाही. मध्येच एखादा आघात गाळतो आणि त्या मोकळ्या जागेला वजन येते. रचना कोणत्याही पट्टीत असो, शेवट तो ई-फ्लॅट या एकाच ठरावीक पट्टीत करी. ऐकणारा दचकतो, पण त्याने ही सही कधी बदलली नाही. १९५१ मध्ये तो वारला.

अल्बर्ट ॲमन्स आणि मीड लक्स लुइस हे यान्सीला ऐकत मोठे झालेले दोघे मित्र. दोघांनी शिकागोत टॅक्सी चालवली. लुइसने १९२७ मध्ये ‘हॉन्की टॉंक ट्रेन ब्लूज’ ध्वनिमुद्रित केली. ती रुळांवरच्या गाडीची रचना आहे. डावा हात चाकांचा, उजवा कधी शिट्टीचा, कधी सांधे ओलांडताना होणाऱ्या खडखडाटाचा. तबकडी फारशी खपली नाही आणि लुइस विस्मृतीत गेला. जॉन हॅमंड हा संगीतप्रेमी निर्माता त्या तबकडीचा वादक शोधत होता. १९३५ मध्ये लुइस त्याला सापडला तो मोटारी धुण्याच्या जागी. तीन वर्षांनी, २३ डिसेंबर १९३८ रोजी, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हॅमंडने कृष्णवर्णीय संगीताची मैफल भरवली. त्या रात्री लुइस, ॲमन्स आणि कॅन्सस सिटीचा पीट जॉन्सन त्या प्रतिष्ठित रंगमंचावर बसले. जॉन्सनबरोबर बिग जो टर्नर गायला. पंधरवडाभरात, ६ जानेवारी १९३९ रोजी, ॲमन्स आणि लुइस यांच्या ध्वनिमुद्रणाने ‘ब्लू नोट’ ही कंपनी सुरू झाली. जॅझच्या इतिहासातल्या सर्वांत मान्यवर कंपनीचा पाया या दोन टॅक्सीवाल्यांच्या डाव्या हातांवर रचला गेला.

सगळ्यांच्या वाट्याला असे दिवस आले नाहीत. ‘काउ काउ’ डेव्हनपोर्टची १९२८ची ‘काउ काउ ब्लूज’ पियानोवाल्यांच्या दोन पिढ्यांनी पाठ केली, पण पक्षाघाताने उजवा हात अधू झाल्यावर त्याच्यावर न्यूयॉर्कच्या एका क्लबात स्वच्छतागृहाचा सेवक म्हणून राहण्याची वेळ आली. १९५३ मध्ये रे चार्ल्सची ‘मेस अराउंड’ गाजली. तिच्यातला पियानो डेव्हनपोर्टच्या वाटेनेच जातो. लीरॉय कारने १९२८ मध्ये स्क्रॅपर ब्लॅकवेलच्या गिटारच्या साथीने ‘हाउ लाँग, हाउ लाँग ब्लूज’ गाऊन ब्लूजला शहरी, हळुवार आवाज दिला. दारूने तो १९३५ मध्ये तिशीत संपला. बिग मेसिओने १९४५ मध्ये ‘शिकागो ब्रेकडाउन’सारखी दणदणीत रचना वाजवली आणि पुढच्याच वर्षी पक्षाघाताने त्याचे वादन थांबले. यांना केवळ दुर्दैवी म्हणून बाजूला ठेवणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. ते कसलेले कारागीर होते आणि या पुस्तकात त्यांच्या आयुष्याइतकीच जागा त्यांच्या कारागिरीला दिली आहे.

हे जग पुरुषांपुरतेही नव्हते. टेक्सासची अंध पियानोवादक ॲरिझोना ड्रेन्स हिने १९२६ मध्ये चर्चची भक्तिगीते ध्वनिमुद्रित केली. शब्द देवाचे आणि डावा हात थेट गुत्त्यातला. लुईज जॉन्सन १९३० मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला येऊन मोजक्या तबकड्या करून गेली, आणि त्या तबकड्या आजही अंगावर येतात. मेरी लू विल्यम्सने १९३७ मध्ये ‘रोल एम’ लिहून बूगी-वूगीला मोठ्या वाद्यवृंदात मानाची जागा दिली. या तिघींसाठी स्वतंत्र प्रकरण आहे.

आता आपल्याकडे वळू. या संगीताचे भारताशी नाते पहिल्या तबकडीपासून आहे. तेव्हाच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या बनत. दगडाची पूड, काजळी आणि कापसाचे तंतू यांना बांधून ठेवणारा पदार्थ म्हणजे लाख, आणि जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारत. छोटा नागपूरच्या जंगलांत पळस, कुसुम आणि बोर या झाडांवर लाखेचे किडे पोसले जात. फांद्यांवरची लाख खरवडून, धुऊन, वितळवून तिचे पत्रे कलकत्त्याच्या बंदरातून बाहेर जात. १९४२ मध्ये युद्धामुळे हा माल दुर्मीळ झाला, तेव्हा अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक मर्यादा घातली आणि कंपन्यांना जुन्या तबकड्या गोळा करून वितळवाव्या लागल्या. टेक्सासच्या जंगलातल्या मजुराचे संगीत छोटा नागपूरच्या जंगलातल्या मजुराच्या मालावर कोरले गेले. त्या लाख वेचणाऱ्यांची नावेही कुठे लिहिलेली नाहीत.

माणसेही आली. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी तिथल्या वाद्यवृंदांचे नेतृत्व केले. वेदरफोर्डचा जन्म १९०३ मध्ये व्हर्जिनियातल्या पोकाहाँटस या कोळसाखाणीच्या गावी झाला. पियानो तो न्यू ऑर्लिन्समध्ये शिकला आणि शिकागोत नावारूपाला आला. मे १९२६ मध्ये अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदाने ध्वनिमुद्रित केलेल्या ‘स्टॅटिक स्ट्रट’मध्ये ट्रम्पेट आर्मस्ट्राँगचा आहे आणि पियानो वेदरफोर्डचा. त्याच वर्षी तो आशियाकडे निघाला. शांघाय, मुंबई, कोलंबो, कलकत्ता अशी त्याची पुढची वाट. तो निव्वळ बूगी-वूगीवाला नव्हता. शिकागोच्या मोठ्या जॅझ वाद्यवृंदांत त्याचा हात तयार झाला होता. पण १९३७ मध्ये पॅरिसला त्याने एकट्याने वाजवलेली ‘वेदर बीटन ब्लूज’ ऐकली की त्याचे मूळ कळते. युद्धकाळात कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात त्याचा वाद्यवृंद होता आणि अमेरिकी सैनिकांसाठी त्याचे कार्यक्रम रेडिओवरून प्रसारित होत. व्यापारी जहाजावर काम करणारा एक तरुण त्या वाद्यवृंदाबरोबर ब्लूज गायला. तो पुढे ब्लूजचा मोठा गायक झालेला जिमी विदरस्पून. २५ एप्रिल १९४५ रोजी कलकत्त्यातच कॉलऱ्याने वेदरफोर्ड मरण पावला. तेव्हा तो ४१ वर्षांचा होता.

मुंबईत या वादकांच्या शेजारी बसून शिकलेल्यांत गोव्याची मंडळी होती. चर्चच्या शाळांत नोटेशन वाचायला शिकलेल्या गोमंतकीयांना स्वर येत होते. न लिहिलेले वाजवण्याची मोकळीक त्यांनी या अमेरिकनांकडून घेतली. ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड त्यांपैकी एक. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ म्हणून प्रसिद्ध झाले आणि भारताचे आर्मस्ट्राँग म्हणवले गेले. पुढे हीच मंडळी हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात शिरली. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांना त्यांचे मोल कळले होते. १९५१च्या ‘अलबेला’तल्या नाचाच्या गाण्यांना जी उसळी आहे, तिच्यामागे चिक चॉकलेट यांचा हात आहे. लग्नाच्या वरातीत आजही त्या गाण्यांवर पाय थिरकतात. संगीतकार आणि नट सगळ्यांना माहीत असतात. वाद्यमेळ बांधणारा आणि तो वाजवणारा मात्र श्रेयनामावलीतून बाहेर राहिला.

मी हे कामरेजहून लिहितो आहे. तापीकाठचे हे गाव पूर्वी बडोदा संस्थानाच्या नवसारी प्रांतात होते. आज सुरतच्या उद्योगांचा पसारा इथवर आला आहे आणि चार रस्त्यावर रात्रभर ट्रक थांबत नाहीत. सुरत परिसरातले मराठी कुटुंब बहुधा खानदेशातून आलेले असते. नंदुरबार, अमळनेर, धुळे, जळगाव सोडून तापी व्हॅली रेल्वेने निघालेली माणसे इथल्या मागांवर, कारखान्यांत, बांधकामांवर उभी राहिली. अमेरिकेत १९१०नंतरच्या तीन दशकांत दक्षिणेतले लाखो कृष्णवर्णीय वंशद्वेष आणि कापसाच्या शेतीतली वेठ मागे टाकून रेल्वेने उत्तरेकडे गेले. त्यांचा छळ आणि आपले स्थलांतर एकच, असे मी म्हणत नाही. लिंचिंगची भीती मनात धरून घर सोडणे फार वेगळे. पण कामासाठी गाव सोडणाऱ्याने आपले गाणे बरोबर नेणे आणि परक्या शहरातल्या एका खोलीत ते पुन्हा उभे करणे, हे इथल्या मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. शिकागोत खोलीचे भाडे थकले की लोक घरीच नाचाचा कार्यक्रम ठेवत, थोडी प्रवेश फी घेत आणि पियानोवाल्याला बोलावत. पाइनटॉपच्या तबकडीत ऐकू येते ती अशीच खोली.

पुस्तकाची मांडणी गावांनुसार केली आहे. आधी लाकूडतोडीच्या छावण्या आणि टेक्सासचे रूळ, मग शिकागो, सेंट लुइस, इंडियानापोलिस आणि कॅन्सस सिटी, त्यानंतर कार्नेगी हॉल आणि त्यापुढची लाट, आणि शेवटी मुंबई-कलकत्ता. रॅगटाइम आणि हार्लेमचा स्ट्राइड पियानो या दोन समृद्ध परंपरांना मी मुद्दाम हात लावलेला नाही. त्यांच्यासाठी वेगळे पुस्तक हवे. वादकांच्या दंतकथाही कमी ठेवल्या आहेत, कारण दंतकथेच्या ओझ्याखाली वादन ऐकू येत नाही. प्रत्येक प्रकरणात एका तबकडीचे आवर्तनागणिक वर्णन आहे. तबकडी लावून ते वाचले तर डावा हात कुठे थांबतो आणि उजवा कुठे निसटतो, हे वाचकाला स्वतः पडताळता येईल.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. संगीत हातांनी पुढे जाते आणि नावे मागे पडतात. जगभर हेच झाले आहे, पण ते अटळ नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव लिहून ठेवण्याची शिस्त पाळली. लोकसंगीत म्हणजे निनावी संगीत, या समजुतीला त्यांनी दिलेले हे उत्तर आहे. ब्लूजच्या बाबतीतही अभ्यासकांनी जुन्या तबकड्यांची लेबले, कंपन्यांच्या वह्या आणि म्हाताऱ्या वादकांच्या आठवणी धुंडाळून शेकडो नावे परत मिळवली आहेत. मराठीत ती नावे नीट उच्चारली जावीत, एवढीच या पुस्तकाची महत्त्वाकांक्षा आहे.

वाचकाला विनंती एकच. या तबकड्या आज सहज ऐकायला मिळतात. सुरुवात यान्सीपासून करा, मग लुइस, मग ॲमन्स, मग पाइनटॉप. पहिल्यांदा फक्त डाव्या हाताकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा फक्त उजव्याकडे, आणि तिसऱ्यांदा दोन्हींकडे. आवडले तर दुसऱ्याला ऐकवा, आणि ऐकवताना वाजवणाऱ्याचे नाव आधी सांगा.

कामरेज, जि. सुरत